‘बाई, हा रडीचा डाव आहे!’

पत्र असं आहे: “मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात सहावी ते आठवीला गणित शिकवते. सातवीत ३८ मुलं आहेत. संभाव्यता खेळातून शिकवावी म्हणून मी पदरचे पैसे घालून ४० फासे आणले, प्रत्येकाला बारा वेळा फासा टाकायला लावला आणि सहा किती वेळा पडले ते मोजायला सांगितलं. यायला हवे होते दोन-दोन. पण चार मुलांना एकही सहा पडला नाही आणि एकाला तब्बल पाच पडले. तो म्हणतो माझा हातच तसा आहे, बाकीचे म्हणतात फासा खोटा आहे, आणि मी फळ्यावर १/६ लिहिलं तर कुणाचा विश्वासच बसेना. वर दुसऱ्या दिवशी एक पालक येऊन विचारून गेले की शाळेत आता जुगार शिकवता का. खेळ सोडून सरळ पुस्तकातून शिकवू का? – एक शिक्षिका”

ताई, नमस्कार.

खेळ अजिबात सोडू नका, फासे कपाटात गेले असतील तर उद्याच बाहेर काढा. तुमच्या पत्रातले ते दोन आकडे वाचले, चार मुलांना शून्य आणि एकाला पाच, आणि मी कॅल्क्युलेटर घेऊनच बसले. बघा, एकदा फासा टाकल्यावर सहा न पडण्याचा चान्स सहापैकी पाच. बाराही वेळा न पडण्याचा काढायचा तर ५/६ बारा वेळा मांडून गुणायचे, उत्तर येतं ०.११२. म्हणजे शंभर मुलांनी हे केलं तर साधारण अकरा जणांना एकही सहा मिळणार नाही. आणि ३८ मुलांत? चार. तुम्हाला चारच मिळाले! आणि बारात पाच किंवा जास्त सहा पडण्याचा चान्स शंभरात साडेतीनच्या आसपास आहे, म्हणजे ३८ जणांत असं एखादं मूल निघणं हेही अगदी अपेक्षितच. तुमचे फासे एकदम शहाण्यासारखे वागले आहेत. तुम्हाला जे फसल्यासारखं वाटलं तोच खरा धडा होता आणि तो आयता समोर आला होता, फक्त तिथून पुढे एक पाऊल टाकायचं राहिलं.

ते पाऊल म्हणजे बेरीज. एकट्याच्या बारा दानांत १/६ शोधायला गेलं तर सापडत नाही, ते गर्दीत दिसतं. म्हणून उद्या त्याच वह्या उघडायला सांगा, आधी एका बाकावरच्या दोघांचे मिळून चोवीस दानांतले सहा मोजा, मग रांगेचे, मग सगळ्या वर्गाचे, आणि प्रत्येक टप्प्याला फळ्यावर ताळ्याच्या खुणा करत जा. वर्गाची एकूण दानं ४५६, त्यात सहा पडायला हवेत ७६ च्या आसपास, ६० ते ९२ च्या मध्ये कुठेही आले तरी फासे ठणठणीत आहेत असं समजा. बाकावर आकडे कसे उड्या मारतात आणि वर्गाला आल्यावर कसे शांत होतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे, तुम्ही सांगून उपयोग नाही.

इथे मुलांना जॉन केरिचची गोष्ट सांगा, माझ्या वर्गात ती कायम चालायची. दुसऱ्या महायुद्धात हा गणिताचा प्राध्यापक जर्मनांनी व्यापलेल्या डेन्मार्कमध्ये अडकला, छावणीत नजरकैदेत, वेळच वेळ, तर या माणसाने एक नाणं दहा हजार वेळा उडवलं आणि प्रत्येक वेळचं लिहून ठेवलं. पहिल्या शंभरात छापे ४४, हजार झाले तेव्हा ५०२, दहा हजारांअखेर ५०६७. हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि मुलांना नुसतं बघू द्या. शंभरात सहा कमी, म्हणजे निम्म्यापासून बरंच लांब, आणि दहा हजारांत ६७ जास्त असूनही निम्म्याच्या किती जवळ! ‘६७ म्हणजे जास्त की कमी’ यावर वर्गात भांडण लागेल, लागू द्या, शेकडेवारीचा सगळा धडा त्या भांडणात होऊन जातो.

आणि तो पाच वेळा सहा पडलेला मुलगा. त्याला सगळ्यांसमोर खोटं पाडू नका हं, त्याला एक चिठ्ठी द्या आणि म्हणा, आता पुढच्या बारा दानांत तुला किती सहा पडणार ते लिही, घडी घाल, माझ्याकडे दे. त्या चार जणांनाही द्या चिठ्ठ्या. मग टाकू द्या फासे. टाकायच्या आधी लिहून देणं ही एवढीशी सवय आहे पण तिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे, कारण आधी लिहिलं नसेल तर निकाल काहीही लागो, मूल म्हणतं ‘मला माहीतच होतं’, आणि मग शिकायला काही उरत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. ‘सहा पडण्याची संभाव्यता किती’ या प्रश्नात बारा वर्षांच्या मुलाला काहीच रस नसतो. पण ‘हा डाव बरोबरीचा आहे का’ असं विचारा, तो भांडायला उठेल. मधल्या सुट्टीत ग्राउंडवर जाऊन उभं राहा, दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडतंय, चीटिंग, चीटिंग, रडीचा डाव खडी! न्याय-अन्याय हा त्यांचा रोजचा विषय आहे आणि संभाव्यता तिथूनच वर्गात आणायची असं माझं ठाम मत आहे. म्हणून वर्गात असे खेळ न्या जे दिसायला बरोबरीचे आहेत पण आतून नाहीत, आणि ते तसे आहेत हे तुम्ही सांगू नका.

माझा सगळ्यात लाडका खेळ सांगते. दोघांत दोन फासे. दोन्ही टाकायचे आणि मोठ्यातून लहान वजा करायचा. वजाबाकी ०, १ किंवा २ आली तर पहिल्याला गुण, ३, ४ किंवा ५ आली तर दुसऱ्याला. वीस दानांचा डाव. सुरू करायच्या आधी वर्गाला विचारा, बरोबरीचा आहे ना? सगळे हो म्हणतात, तीन आकडे याला तीन आकडे त्याला, अजून काय पाहिजे. वह्यांत लिहून घ्या ‘बरोबरीचा आहे’. मग खेळू द्या. दहाव्या-बाराव्या दानापर्यंत दुसऱ्या बाजूची मुलं कुरकुरायला लागतात, आणि डाव संपेपर्यंत वर्गात एकच आवाज असतो, बाई, हा रडीचा डाव आहे! एखाद्या जोडीत दुसरा जिंकतोही, ते मूल जोरात सांगतं की नाही नाही बरोबर आहे, त्यालाही बोलू द्या. १९ जोड्यांची ३८० दानं फळ्यावर एकत्र करा, साधारण अडीचशे विरुद्ध सव्वाशे असं काहीतरी दिसेल.

मग, आणि मगच, सहा बाय सहाचा चौकट तक्ता काढा. आडवे एका फाशाचे आकडे, उभे दुसऱ्याचे, प्रत्येक घरात वजाबाकी. मुलांनीच भरायचा, दोन रंगांच्या खडूने. शून्याची ६ घरं, एकची १०, दोनची ८, तीनची ६, चारची ४, पाचची २. म्हणजे ३६ पैकी २४ एकाला आणि १२ दुसऱ्याला. रंग भरले की मुलं नुसतीच गप्प होतात बघा, तो क्षण मला अजून आठवतो, कारण ज्याच्यावर ते दहा मिनिटं भांडत होते ते समोर रंगीत पसरलेलं असतं. यालाच दहावीच्या पुस्तकात नमुना अवकाश म्हणतात, पण तो शब्द आत्ता नको, तक्ता डोक्यात बसला की शब्दाला काय, दोन मिनिटं लागतात.

इथे थांबू नका पण. पुढचा प्रश्न विचारा: हा डाव दुरुस्त करून दाखवा. मला वाटतं यात खरी मजा आहे. कुणी म्हणेल १ आणि २ एकाला, बाकी सगळे दुसऱ्याला, मोजून बघायला लावा, १० आणि ८ अठरा, उरलेले पण अठरा, जमलं. कुणी म्हणेल सम-विषम वाटा, तेही अठरा-अठरा. आणि एखादी पोरगी म्हणेल की आकडे राहू द्या तसेच, दुसऱ्याला प्रत्येक वेळी दोन गुण द्या. ही पोरगी त्या क्षणी कॉलेजात ‘अपेक्षित मूल्य’ म्हणून शिकवतात ती गोष्ट बोलून गेलेली असते, तिची पाठ थोपटा, वर्गाला टाळ्या वाजवायला लावा.

एक अडचण शंभर टक्के येईल, तयारीत राहा. मुलं म्हणतील ३ आणि ५ काय, ५ आणि ३ काय, एकच की, दोन घरं कशाला? हा प्रश्न मूर्खपणाचा नाही हे मनापासून लक्षात ठेवा. दलाँबेर नावाचा फ्रान्सचा फार मोठा गणिती होऊन गेला, त्याने १७५४ मध्ये त्या काळच्या प्रसिद्ध विश्वकोशात लिहिलं होतं की नाणं दोनदा उडवलं तर किमान एक छापा येण्याची शक्यता तीनपैकी दोन. त्याने प्रकार मोजले तीन, पहिल्यालाच छापा, मग दुसऱ्याला छापा, नाहीतर दोन्ही काटे. खरं उत्तर चारपैकी तीन. म्हणजे तुमच्या सातवीतल्या मुलांना जी शंका येते ती दलाँबेरलाही सुटली नव्हती, हे मुलांना जरूर सांगा, त्यांचे चेहरे उजळतात. शंका सोडवायची कशी? एक रुपयाचं एक नाणं घ्या आणि दोन रुपयांचं एक. तीन गट करा, दोन छापे, दोन काटे, एक छापा एक काटा. चाळीस वेळा उडवा. तिसरा गट सुटतोच पुढे, दोघांना मिळून जेवढे मिळतात जवळपास तेवढे त्याला एकट्याला. मग विचारा, ‘छापा-काटा’ पडला तेव्हा छापा कोणत्या नाण्यावर होता? मुलं स्वतःच म्हणतात अरे हो, कधी रुपयावर कधी दोन रुपयांवर. नाणी वेगळी दिसली की प्रकार वेगळे दिसतात, एवढीच युक्ती. फाशांनाही एकाला लाल मार्करचा ठिपका देऊन टाका.

बैलगाडा शर्यत पण छान होते, दोन ते बारा आकड्यांचे गाडे, दोन फाशांची बेरीज येईल तो गाडा एक घर पुढे. मी मुद्दाम एकचा गाडा पण ठेवायचे. कुणीतरी तो घेतंच, ‘एक नंबर’ म्हणून, आणि पाच-सात दानं झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपला गाडा कधीच हलणार नाही. अशक्य घटना म्हणजे काय हे त्या मुलाला जन्मभर सांगावं लागत नाही. (त्याला दुसऱ्या डावात सातचा गाडा द्यायला मात्र विसरू नका.)

बरं आता फासे सोडा, तुमच्या ग्राउंडवर फुकटचा खेळ आहे, चकणं. काही ठिकाणी नुसतं सुटणं म्हणतात, राज्य कुणावर येणार ते ठरवायला हात पालथे किंवा उताणे टाकतात ना ते. तीन मुलांना उभं करा. प्रत्येकाचा हात दोन प्रकारे पडू शकतो, मिळून आठ प्रकार, त्यात सगळ्यांचे सारखे फक्त दोनदा, बाकी सहा वेळा कुणीतरी एकटं पडतं आणि सुटतं. आठपैकी सहा. चार जण चकले तर सोळापैकी आठच वेळा कुणी सुटतं, पाच जण असतील तर ३२ पैकी १०, आणि सहा जण एकदम चकायला लागले तर ६४ पैकी १२, घंटा होईल पण राज्य ठरणार नाही. म्हणूनच खूप जण असले की मुलं तिघातिघांत चकतात! हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या खेळून खेळून आलेलं आहे. हे गणित फळ्यावर मांडल्यावर मुलं ज्या नजरेनं आपल्याच खेळाकडे बघतात ना, ती बघायला तरी करा. आणि मग मोजायला लावा, तीस वेळा चका, कितीदा सुटलं? बावीस-तेवीसच्या आसपास यायला हवं, पण नाही आलं तर घाबरू नका, उलट बरं, कारण हात म्हणजे नाणं नव्हे, काही मुलं कायम उताणाच टाकतात, मित्र-मित्र आधी ठरवूनही येतात, आणि ‘सगळे प्रकार सारख्याच शक्यतेचे’ हे गृहीत धरलेलं कुठे टिकतं कुठे नाही याची चर्चा आपोआप निघते.

तुमच्या वर्गातली ‘सहा पडणंच अवघड’ ही तक्रार मला सगळ्या शाळांत ऐकायला मिळाली आहे आणि तिचं मूळ ल्युडोत आहे. सोंगटी घरातून काढायला सहा लागतो, म्हणून मूल फक्त सहाची वाट बघतं, तीनची कुणी वाट बघत नाही, त्यामुळे तीन किती वेळा नाही पडला हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. वहीत सहासोबत तीन पण मोजायला लावा, तक्रार विरते. आणि खरंच वाट किती बघावी लागते तेही सांगा: पहिल्या दहा दानांत एकही सहा न पडण्याचा चान्स शंभरात सोळा आहे. चौघे खेळत असतील तर त्यातला किमान एक जण दहा दानं झाली तरी घरातच अडकलेला असतो, हे साधारण निम्म्या डावांत घडतं. म्हणजे दर दुसऱ्या डावाला कुणीतरी रडणारच, आणि त्यात त्याच्या नशिबाचा काही दोष नाही.

‘चार वेळा छापा आला, आता काटा येणारच’ हे पण निघेल. त्यासाठी घरचा अभ्यास द्या. निम्म्या वर्गाने खरंच नाणं शंभर वेळा उडवून छा, का, छा असं लिहून आणायचं, निम्म्यांनी न उडवता मनानं शंभर लिहून आणायचं, आणि कागदावर कुणी काय केलं ते सांगायचं नाही. तुम्ही कागद बघून ओळखायचं. मनानं लिहिणारी मुलं सलग तीन-चारच्या पुढे जायला घाबरतात, आणि खऱ्या शंभरात सलग पाच सारखे येणं हे शंभरात सत्त्याण्णव वेळा होतं. सलग पाच किंवा जास्त दिसले की खरा, नाही दिसले की मनाचा. एखाद-दुसरा चुकेल पण बहुतेक बरोबर येतात, मुलांना वाटतं बाईंना जादू येते, आणि मग जादू कशी केली ते सांगितलं की नाण्याला आठवण नसते हे वेगळं शिकवावं लागत नाही.

घंटा झाल्यावर काय करायचं तेही सांगते कारण त्यात इतिहास आहे. समजा दोघं नाणं उडवून खेळतायत, आधी तीन गुण करेल त्याला आठ चिंचोके, गुण झालेत दोन-एक आणि घंटा वाजली. वाटणी कशी करायची? वर्गात दोन तट पडतात, एक म्हणतो पुढे आहे त्याला सगळे, दुसरा म्हणतो दोनास एक. याच प्रश्नावर पास्कल आणि फर्मा या दोघांनी १६५४ साली एकमेकांना पत्रं लिहिली आणि संभाव्यतेचं गणित खऱ्या अर्थानं तिथून उभं राहिलं. विचार असा, पुढचं नाणं दोन गुणवाल्या मुलाकडे पडलं तर आठही त्याचे, नाही पडलं तर दोन-दोन बरोबरी म्हणजे चार-चार. तेव्हा चार तर त्याचे नक्कीच, आणि उरलेल्या चारांचे निम्मे, झाले सहा. दुसऱ्याला दोन. सातवीच्या मुलांना हे कळतं, मी कळताना पाहिलंय, फक्त उत्तर सांगायच्या आधी त्यांना पाच मिनिटं भांडू द्या.

आता भाषेचं एक. फळ्यावर १/६ लिहून ‘एक छेद सहा’ म्हणू नका इतक्यात. आपल्याकडे ‘पैकी’ हा फार गुणी शब्द आहे, ‘सहापैकी एक’ म्हटलं की मूल आधी सगळे प्रकार किती ते बघतं आणि मग त्यातले आपले किती, म्हणजे ज्या क्रमानं विचार करायचा त्याच क्रमानं शब्द येतात. छेद म्हटलं की ते अपूर्णांकाच्या भीतीत जातं. आठवडाभर सगळं ‘पैकी’मध्येच बोला, चान्स म्हणतात तर चान्स म्हणू द्या, अपूर्णांक शेवटच्या तासाला येऊ द्या.

पालकांचं मी हलकं घेणार नाही, त्यांची भीती खरी आहे, गावात मटक्याचा आकडा आणि मोबाइलवरचे पैशाचे खेळ यांनी घरं बसलेली त्यांनी पाहिली असतील. वर्गात पैसे तर नाहीच, चॉकलेट, पेन, गोळी, काहीही पणाला लावायचं नाही, चिंचोके सुद्धा तास संपला की परत डब्यात. आणि त्या पालकांना तासाला बोलवा, मुलं टपरी चालवतात तो खेळ दाखवा: एक चिंचोका देऊन फासा टाकायचा, सहा पडला तर टपरीवाला चार चिंचोके देणार. निम्मी मुलं टपरीवाले, निम्मी गिऱ्हाईक, मग अदलाबदल. पंधरा मिनिटांत सगळ्या टपऱ्यांवर ढीग लागतात आणि गिऱ्हाइकं रिकामी होतात, कारण सहा दानांना सहा चिंचोके आत येतात आणि सरासरी चारच बाहेर जातात. पालकसभेत, मुलांसमोर नको, आकड्याचा हिशोबही मांडा, अंक दहा आणि लागला तर एकाचे नऊ, म्हणजे दर दहा रुपयांमागे रुपया चालवणाऱ्याचा, कुणाचंही नशीब कसंही असो. महाभारतातली नळाची गोष्ट त्यांना माहीत असेल, नळानं फाशांत राज्य गमावलं, पुढे ऋतुपर्ण राजाने त्याला अक्षहृदय म्हणजे फाशांची विद्या शिकवली, त्याच ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाच्या फांद्या बघून पानं-फळं किती ते सांगितलं होतं आणि नळानं मोजून खात्री करून घेतली. अंदाज आधी, मोजणी मग, तेच तर आपण वर्गात करतोय.

बारीकसारीक दोन गोष्टी. फासे हरवतात आणि बाकावर आपटून शेजारच्या वर्गाला त्रास होतो, म्हणून छोट्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्या घ्या, फासा आत, झाकण टेपनं बंद, डबी हलवायची आणि बघायची. ३८ मुलांना १९ डब्या, एक मूल डबी हलवणार, दुसरं लिहिणार, दहा दानांनी बदल. लिहिणाऱ्याचं काम दुय्यम नाही हे बजावून सांगा, खेळ विसरला जातो, फळ्यावरची बेरीज राहते. एका तासाला एकच खेळ. आणि चाचणीत ‘संभाव्यता काढा’ विचारण्यापेक्षा एक नवा डाव द्या, बरोबरीचा आहे का ते ठरवा, नसेल तर दुरुस्त करा, आणि का ते दोन ओळींत लिहा. कुणाला समजलंय ते लगेच दिसतं.

शेवटचा खेळ मुद्दाम राखून ठेवला होता. मुलांना आजीकडून पट खेळायच्या कवड्या आणायला सांगा, नसतील तर फोडून अर्धे केलेले चिंचोके, एक बाजू पांढरी एक तपकिरी. चार एकदम टाकायचे. नाणी असती तर हिशोब सोपा होता, सोळापैकी एकदा चारही पांढरे, चारदा तीन, सहादा दोन, चारदा एक, एकदा एकही नाही. १, ४, ६, ४, १, हीच ओळ आपल्याकडे छंदशास्त्रात लघु-गुरूंचे प्रकार मोजताना येते, दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या सूत्रांवर लिहिताना मेरुप्रस्तार म्हणून ती मांडणी समजावली आहे, मराठीच्या सरांनाही बोलवा तासाला. आणि पटात चार किंवा आठ पडले की पुन्हा दान मिळतं ना, चार म्हणजे सगळे वर आणि आठ म्हणजे सगळे खाली, सगळ्यात दुर्मिळ दोन दानं, बक्षीस त्यांनाच. पण चिंचोका म्हणजे नाणं नव्हे, त्याचं पोट सपाट आणि पाठ फुगीर, तो निम्म्या वेळा पांढरा पडेल असं कुणी सांगितलंय? इथे सूत्र चालत नाही, टाकूनच बघावं लागतं. तुमच्या ३८ मुलांनी प्रत्येकी पन्नास वेळा एक चिंचोका टाकला तर १९०० दानं होतात. पांढरी बाजू किती वेळा वर आली तो आकडा मला नक्की कळवा ताई, तुमच्या गावच्या चिंचेचा तो आकडा कुठल्याच पुस्तकात नाही.